नाझरेथचा येशू : इतिहासाच्या कसोटीवर

रोडपाली येथून एका तरुण वाचकाचे पत्र आमच्याकडे आले आहे. हा तरुण रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवितो. वर्गातील एका मुलाने त्यास मोबाइलवरील एक चित्रफीत दाखविली. येशू नावाचा कोणी मनुष्य पृथ्वीवर होऊन गेलाच नाही, रोमन दप्तरात त्याचा मागमूस नाही आणि ही सारी कथा पुढील काळातील धर्मसत्तेने रचली, असा त्या चित्रफितीचा आशय होता. "सर, हे खरं आहे का?" असे मुलाने विचारले आणि सरांना उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून वर्गात उभे राहताना आपण मुलांपासून काहीतरी लपवीत आहोत असे वाटते, असे हा तरुण लिहितो.

'होऊन गेला' हा शब्दप्रयोगच श्रद्धावंताच्या कानास खटकेल, कारण प्रभू आजही जिवंत आहे अशी आपली श्रद्धा आहे. तथापि प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर केवळ "श्रद्धा ठेव" असे देणे म्हणजे विचारणाऱ्यास वर्गाबाहेर काढणे होय. म्हणून उपलब्ध पुराव्यांचा येथे क्रमाने विचार करू.

आरंभीच दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. नाझरेथचा येशू नावाचा एक यहुदी गुरू पहिल्या शतकात गालील प्रांतात वावरला, त्याने शिकवण दिली आणि पंतय पिलाताच्या कारकिर्दीत तो क्रूसावर मारला गेला काय, हा इतिहासाचा प्रश्न आहे. तो देवाचा पुत्र आहे काय, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पहिल्याचे उत्तर मात्र इतर कोणत्याही ऐतिहासिक व्यक्तीला जी मापे लावतात त्याच मापांनी दिले पाहिजे. आपल्या प्रभूसाठी माप हलके नको आणि जडही नको.

ही मापे मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल समकालीन पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर यांतील भेद आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणी पडला आहे. तरीही बखरी कोणी फेकून दिल्या नाहीत. शिवछत्रपतींचे देहावसान १६८० सालचे. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १६९४च्या सुमारास, म्हणजे चौदा वर्षांनी. महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा हा वाद कितीतरी वर्षे चालला. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणल्यानंतर त्यास निर्णायक वळण लागले आणि पुढे शासनानेही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. जन्मसाल अनिश्चित होते म्हणून जन्मच झाला नाही, असे त्या वादात कोणीही म्हटले नाही. तुकाराम महाराजांचे सविस्तर चरित्र महिपतीने 'भक्तविजय' ग्रंथात गायिले ते १७६२ साली, महाराजांच्या निर्याणानंतर सुमारे एकशे दहा वर्षांनी. त्यातील चमत्कारांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. देहूच्या वाण्याविषयी नाहीत.

हे अंतर लक्षात ठेवून आता येशूकडे वळू. त्याचा क्रूसावरील मृत्यू इ. स. ३० किंवा ३३ साली झाला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

संत पौलाची साक्ष

सामान्य समजूत अशी की येशूविषयीचे सर्वांत जुने लेखन म्हणजे चार शुभवर्तमाने. वस्तुतः तो मान संत पौलाच्या पत्रांस जातो. थेस्सलनीकाकरांस पहिले, गलतीकरांस, करिंथकरांस दोन्ही आणि रोमकरांस ही पत्रे पौलाचीच आहेत याविषयी अश्रद्ध अभ्यासकही शंका घेत नाहीत. ती इ. स. ५० ते ६० या दशकातील, म्हणजे क्रूसमरणानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतील आहेत.

या पत्रांत पौल येशूचे चरित्र सांगत नाही, ही गोष्ट विरोधक पुढे करतात आणि ती खरी आहे. पौल ज्यांना लिहीत होता त्यांस मूळ वृत्तांत तोंडी सांगून झाला होता. पत्रे लिहिली गेली ती भांडणे मिटविण्यासाठी. परंतु भांडणाच्या ओघात जे निसटते ते इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक मोलाचे असते. येशू स्त्रीपोटी जन्मला, यहुदी होता, दाविदाच्या वंशातील होता, धरला गेला त्या रात्री त्याने भाकर मोडली, त्यास क्रूसावर खिळले आणि पुरले, एवढे पौलाच्या पत्रांत सहज येऊन जाते.

सर्वांत महत्त्वाचा उल्लेख गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. आपल्या परिवर्तनानंतर तीन वर्षांनी आपण यरुशलेमेस गेलो, केफाजवळ म्हणजे पेत्राजवळ पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, असे पौल सांगतो. हे तो कौतुकाने सांगत नाही. आपण यरुशलेमेच्या पुढाऱ्यांचे मिंधे नाही हे त्यास ठसवावयाचे आहे आणि म्हणून आपल्या भेटी किती थोड्या झाल्या हे तो जवळजवळ शपथेवर सांगतो. येशूच्या मृत्यूनंतर जेमतेम पाच-सात वर्षांत त्याच्या घरच्या माणसाला समोरासमोर भेटलेला हा साक्षीदार आहे, आणि तोही पूर्वी ख्रिस्तसभेचा छळ करणारा. जो कधी नव्हताच त्याचा भाऊ यरुशलेमेत कसा भेटेल?

यावर असे उत्तर दिले जाते की 'प्रभूचा भाऊ' ही केवळ श्रद्धावंतांची पदवी होती. तसे असते तर त्याच वाक्यात पेत्राला ती का नाही? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायातही पौल प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि केफा यांचा निरनिराळा उल्लेख करतो. (येथे कोणी धन्य कुमारी मरियेच्या अखंड कौमार्याविषयी शंका काढील. मराठी माणसाने तरी ती काढू नये. आपल्या घरी चुलत, मामे, आते, मावस सारेच 'भाऊ' असतात; पूर्वेकडील भाषांचा हा जुना परिपाठ आहे.)

योसेफसचे दोन उतारे

ख्रिस्ती नसलेल्या लेखकांत पहिला मान यहुदी इतिहासकार फ्लावियस योसेफस याचा. त्याने इ. स. ९३-९४च्या सुमारास यहुदी लोकांचा प्राचीन इतिहास वीस खंडांत लिहिला. त्यात येशूचा उल्लेख दोनदा येतो.

अठराव्या खंडातील उतारा मोठा आहे. त्यात येशूला ख्रिस्त म्हटले आहे आणि तो तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत दिसल्याचे सांगितले आहे. आमच्या धर्मगुरुपदाच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही हा उतारा प्रवचनात मोठ्या आवेशाने वाचून दाखविला होता. मिस्सानंतर एक सेवानिवृत्त इतिहास शिक्षक सक्रिस्तीत आले आणि हळूच म्हणाले, "फादर, इतकं मानणारा माणूस मग यहुदीच का राहिला?" आम्हांस उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिजेन स्पष्टपणे लिहितो की योसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता. म्हणजे ओरिजेनच्या हातातील प्रतीत ही वाक्ये नसावीत. चौथ्या शतकात युसेबियस हा उतारा आजच्या रूपात उद्धृत करतो. मधल्या काळात कोणा ख्रिस्ती नकलनविसाने भर घातली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भर वजा केल्यावर खाली योसेफसचे साधेसे मूळ निवेदन उरते, असेही त्यांतील बहुतेकांचे मत आहे. संपूर्ण उताराच बनावट मानणारेही काही आहेत. आमच्या मते मूळ निवेदन होते. तथापि ज्या कागदावर खाडाखोड झाली आहे तो न्यायालयात पहिला पुरावा म्हणून कोणी ठेवीत नाही. आपणही ठेवू नये.

विसाव्या खंडातील उल्लेख लहान असून अधिक भक्कम आहे. इ. स. ६२मध्ये रोमन सुभेदार मरण पावला आणि नवा येऊन पोहोचला नव्हता, त्या अवधीत महायाजक हनन्याने काही जणांस दगडमार करविला. त्यांत ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब होता, असे योसेफस लिहितो. विषय महायाजकाच्या अधिकारातिक्रमणाचा आहे. येशूचे नाव येते ते याकोब कोणता हे कळावे म्हणून. ख्रिस्ती माणसाने भर घातली असती तर 'म्हटलेल्या' असा कोरडा शब्द वापरला नसता. हा उल्लेख ओरिजेनलाही ठाऊक होता. पौल ज्या याकोबास भेटला त्याच याकोबाचा मृत्यू योसेफस नोंदवितो. त्या वेळी योसेफस स्वतः पंचविशीचा असून यरुशलेमेचाच रहिवासी होता. या दोन स्वतंत्र साक्षी एका माणसाच्या घरात येऊन मिळतात. आम्हांस विचाराल तर सबंध प्रकरणातील सर्वांत बळकट धागा हाच आहे.

रोमन लेखक आणि रोमन दप्तर

रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या पंधराव्या खंडात ६४ सालच्या रोममधील आगीचा वृत्तांत आहे. नेरोने तिचा दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला, हे सांगताना या पंथाचा मूळ पुरुष ख्रिस्त तिबेरियसच्या राज्यात पंतय पिलाताकरवी मारला गेला अशी माहिती तो देतो. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, हे त्याच्या शब्दाशब्दांतून दिसते. त्यास आपली भलामण करावयाची नव्हती. मात्र ही माहिती त्याने कोठून घेतली ते तो सांगत नाही. ती ख्रिस्ती लोकांच्याच तोंडून आली असण्याची शक्यता राहते. पिलाताचे जे पदनाम तो देतो तेही त्या काळचे नाही, नंतरचे आहे. तेव्हा दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममधील जाणत्या वर्गात ही गोष्ट निर्विवाद मानली जात होती, इतकाच निष्कर्ष येथून काढावा. इ. स. ११२च्या सुमारास धाकट्या प्लिनीने सम्राट ट्राजानला लिहिलेले पत्र ख्रिस्ती लोकांविषयी बरेच सांगते, येशूच्या चरित्राविषयी काही नाही. सुएटोनियसचा उल्लेख तर इतका संदिग्ध आहे की तो बाजूस ठेवणेच बरे.

आता त्या चित्रफितीतील मुख्य मुद्दा. रोमन दप्तरात येशूचे नाव का नाही? याचे उत्तर असे की ते दप्तरच आज अस्तित्वात नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात लाखो मोडी कागद सुरक्षित आहेत, म्हणून पेशवाईतील एखाद्या कारकुनाचा पगारही आपण सांगू शकतो. पिलाताच्या कचेरीतील एकही कागद उरलेला नाही. त्या प्रांताचा दहा वर्षे सर्वाधिकारी असलेला हा मनुष्य. त्याच्या नावाचा शिलालेख कैसरिया येथे सापडला तो १९६१ साली, आणि तोही नाट्यगृहाच्या पायरीसाठी पुन्हा वापरलेल्या दगडावर. त्यापूर्वी त्याची नाणी आणि ग्रंथांतील उल्लेख एवढीच साधने होती. सुभेदाराची ही गत, तर गालीलातील एका सुताराच्या नावाचा समकालीन कागद मागणे न्यायाचे नाही. गौतम बुद्धाविषयीचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख अशोकाचा आहे, तो बुद्धाच्या निर्वाणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. सॉक्रेटिसाने स्वतः एक ओळ लिहिली नाही.

तोंडी परंपरेला किती मान द्यावा, याचे उदाहरण रोडपालीच्या तरुणास अगदी जवळ सापडेल. पनवेल शहरात बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे यहुदी प्रार्थनालय १८४९पासून उभे आहे. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, असे हा समाज पिढ्यान् पिढ्या सांगत आला. त्या घटनेचा समकालीन कागद नाही. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' सुंता पाळीत होते आणि त्यांच्या मुखी इस्राएलची प्राचीन प्रार्थना होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातही त्यांच्यात पश्चिम आशियातील यहुदी वंशाचा अंश आढळला. सात आणि सात हा आकडा कोणी अक्षरशः घेवो न घेवो, परंपरेच्या गाभ्यात सत्य होते.

शुभवर्तमानांचे वजन

मार्ककृत शुभवर्तमान इ. स. ७०च्या सुमाराचे, मत्तय व लूक त्यानंतर दहा-पंधरा वर्षांचे आणि योहान शतकाच्या अखेरचे, असे साधारणपणे मानले जाते. ही श्रद्धावंतांनी श्रद्धेसाठी लिहिलेली पुस्तके आहेत हे ख्रिस्तसभेने कधी नाकारले नाही. १९६४ साली परमगुरूंच्या बायबल आयोगाने आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने दैवी प्रकटीकरणावरील दस्तऐवजात तीन टप्पे सांगितले : येशूचे प्रत्यक्ष बोलणे-वागणे, प्रेषितांची घोषणा आणि शुभवर्तमानकारांची रचना. महासभेने शुभवर्तमानांची ऐतिहासिकता ठामपणे प्रतिपादिली. ती शब्दशः टिपलेली इतिवृत्ते आहेत असे म्हटले नाही.

पक्षपाती साक्षीदाराकडूनही सत्य काढता येते. तो स्वतःच्या गैरसोयीचे काय सांगतो ते पाहावे. येशूने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, हे आरंभीच्या ख्रिस्ती लोकांस अडचणीचे होते, कारण बाप्तिस्मा देणारा मोठा ठरतो. मत्तयाच्या निवेदनात योहान स्वतःच संकोचतो. मसीहा बेथलेहेमचा असावा अशी अपेक्षा असताना येशू नाझरेथचा, जुन्या करारात जिचे नावही नाही अशा खेड्याचा. घरची माणसे त्यास वेडा समजून धरावयास निघाली, असे मार्क सांगतो. आणि क्रूस! अनुवादाच्या पुस्तकानुसार झाडावर टांगलेला मनुष्य शापित ठरतो. यहुदी लोकांत मसीहाची कथा रचू पाहणाऱ्याने अपमानित होऊन मेलेला मसीहा कशास रचावा? शिष्यांनी हा मृत्यू सांगितला, कारण तो घडला होता आणि लपविता येण्याजोगा नव्हता.

जर्मनीत ब्रूनो बाउअर आणि १९०९ साली आर्थुर ड्रेव्ज यांनी येशू काल्पनिक असल्याचा पक्ष मांडला. आमच्या काळात रिचर्ड कॅरियर यांनी तो पुन्हा मांडला. त्यांचे युक्तिवाद वाचावेत, घाबरू नये. बार्ट एहर्मन हे अमेरिकी अभ्यासक स्वतः ख्रिस्ती श्रद्धा सोडलेले. बायबलमधील विसंगतींवर त्यांनी पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. त्यांनीच २०१२ साली एक संपूर्ण ग्रंथ लिहून येशू निश्चितपणे ऐतिहासिक व्यक्ती होता असे प्रतिपादन केले. विद्यापीठांतील अभ्यासकांचे, त्यांत यहुदी व निरीश्वरवादी आले, प्रचंड बहुमत याच बाजूचे आहे.

आपल्याच घरातील बनावट नाणी

विरोधकांपेक्षा अधिक हानी आपल्यातील उत्साही मंडळी करतात. येशूचे केस, डोळे व वर्ण यांचे वर्णन करणारे लेंटुलस नामक रोमन अधिकाऱ्याचे पत्र कित्येक ख्रिस्ती घरांत चौकटीत लावलेले आढळते. ते मध्ययुगातील बनावट लेखन आहे. २००२ साली याकोबाची म्हणून गाजलेली दगडी अस्थिपेटी इस्राएलमध्ये न्यायालयात गेली. २०१२ साली आरोपी सुटले, परंतु त्यामुळे लेख अस्सल ठरत नाही असे न्यायाधीशांनीच नमूद केले. तुरिन येथील वस्त्राची १९८८ साली कार्बन चाचणी झाली आणि १२६० ते १३९० हा काळ आला. वाद चालू आहे. भक्तीने त्या वस्त्रासमोर उभे राहण्यास कोणाची हरकत नाही, मात्र मुलांना पुरावा म्हणून ते दाखवू नये. एक खोटा पुरावा उघडा पडला की खऱ्या दहांवरील विश्वास उडतो.

महाराष्ट्रात या विषयाने एकदा वेगळेच वळण घेतले. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांचे 'ख्रिस्तपरिचय अर्थात ख्रिस्ताचे हिंदुत्व' हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९४६ साली प्रसिद्ध झाले आणि २०१६ साली मुंबईत पुनःप्रकाशित झाले. येशू जन्माने तमिळ ब्राह्मण होता आणि क्रूसावरून वाचून हिमालयात राहिला, असे त्यात प्रतिपादन आहे. पुनःप्रकाशनाच्या वेळी अनेक ख्रिस्ती बांधव दुखावले गेले. आम्हांस त्यात राग येण्यासारखे फारसे वाटत नाही, कारण येशू झालाच नाही असे बाबाराव म्हणत नाहीत. त्यांना तो हवासा वाटतो. पुरावा मात्र नाही. येशूच्या भारतवासाची कथा पसरली ती निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाच्या १८९४ सालच्या पुस्तकापासून. लडाखच्या हेमिस मठात आपण जुनी पोथी पाहिली असा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी आर्चिबाल्ड डग्लस हे प्राध्यापक त्या मठात गेले, तेव्हा मठाधिपतींनी अशी पोथी असल्याचे साफ नाकारले. श्रीनगरच्या रोजाबल येथील कबर येशूची, हे मत मिर्झा गुलाम अहमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. पौल आणि योसेफस यांना जे माप लावले तेच येथे लावले असता हाती काही उरत नाही.

तेव्हा रोडपालीच्या तरुणाने आपल्या विद्यार्थ्यास निःसंकोच सांगावे की येशू हा गालीलातील यहुदी होता, त्याने योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, शिष्य जमविले, देवाच्या राज्याची घोषणा केली आणि पिलाताच्या हुकुमाने तो क्रूसावर मरण पावला, इतके इतिहास सांगतो. त्यानंतर थोड्याच काळात, तो उठला आहे आणि आम्हांस दिसला आहे असे त्याचे शिष्य सांगू लागले, हेही इतिहासच सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल जी साक्षीदारांची नावनिशी देतो ती त्यास मिळालेली, त्याहून जुनी आहे. ते खरोखर उठलेल्या प्रभूस भेटले काय, येथे इतिहासकार लेखणी खाली ठेवतो. मुलाने पुढे विचारलेच, तर सरांनी स्वतःची साक्ष द्यावी आणि ती साक्ष आहे, पुरावा नव्हे, असे सांगून द्यावी.

पत्राच्या शेवटी या तरुणाने आणखी एक शंका विचारली आहे. हेरोद राजा ख्रिस्तपूर्व ४ साली मरण पावला आणि क्विरीनियची शिरगणती इ. स. ६ची, मग मत्तय आणि लूक या दोघांचा मेळ कसा बसतो? ही शंका वरील सर्वांहून अवघड आहे आणि तिची जी उत्तरे आजवर दिली गेली त्यांपैकी एकही आम्हांस पूर्णपणे पटलेले नाही. त्याविषयी पुढील लेखात लिहू.